हरिश्चंद्राच्या माळ्यावरची तेजी

बाबलीच्या हॉटेलात बाबुशाने पहिल्यांदा ‘बुलिश’ हा शब्द उच्चारला, तेव्हा हरिश्चंद्राच्या तोंडात अर्धी कांदाभजी होती. ती त्याने न चावताच गिळली. बावीस वर्षांत प्रथमच काजूच्या दराचा प्रश्न त्याला सोडून दुसऱ्याला विचारला गेला होता, आणि त्या दुसऱ्याने त्याचं उत्तर एका शब्दात देऊन टाकलं होतं.

मार्च महिना होता. सावंतवाडीहून आरोंद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात खळ्याखळ्यात काजूबी वाळत पडली होती. व्यापाऱ्याचा टेम्पो दर शनिवारी यायचा, किलोला एकशे अठरा सांगायचा आणि लोक माना हलवून परत पाठवायचे. आत्ता विकावं की थांबावं, हा प्रत्येक घरातला प्रश्न. हा प्रश्न आजवर हरिश्चंद्राकडेच यायचा, कारण गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याकडे होता. देवळात देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला पाठीमागच्या लोकांनी ‘होय म्हाराजा’ म्हणून रुकार द्यायचा. जो माणूस देवाशी थेट बोलतो त्याला काजूचा दर ठाऊक नसेल, हे गावाला पटण्यासारखं नव्हतं.

हरिश्चंद्रही कुणाला विन्मुख पाठवत नसे. डोळे मिटून, थोडं थांबून तो म्हणे, “दर वर जायत, नायतर खाली येयत, पण बेतान घ्या.” दर वर गेला तरी तो बरोबर ठरे आणि खाली आला तरी बरोबर ठरे. जागच्या जागी राहिला, तर बेतानं घेतल्यामुळे निभावलं असं लोक म्हणत आणि त्याला चहा पाजत.

बाबुश हा त्याचा शेजारी. दोघांच्या काजूच्या बागांमध्ये फक्त एका दगडी गडग्याचं कुंपण. वीस वर्षं बोटीवर कुक म्हणून काढून तो दोन वर्षांपूर्वी कायमचा घरी आला होता. माणूस गरीब स्वभावाचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि हरिश्चंद्राला त्याचा तोपर्यंत काही त्रास नव्हता. त्या दिवशी हरिश्चंद्राच्या चुलतभावाने, दाजीने, सहज म्हणून बाबुशाला विचारलं की काजूचं काय होईल. बाबुशाने फोनवरून दोनदा बोट सरकवलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि “मी तरी बुलिश आसंय” म्हणाला. मग चहाचे पैसे ठेवून, बायकोने, डोरथीने, बांगडे आणायला सांगितलेत म्हणून, उठून गेलाही.

शब्द वजनदार होता यात शंका नव्हती. सगळे हरिश्चंद्राकडे वळले.

“हरी, बुलिश म्हणजे काय रे?” दाजीने विचारलं.

हरिश्चंद्राला ‘माहीत नाही’ असं म्हणायची सवय नव्हती. तो शांतपणे म्हणाला, “आज अमावास्या. अमावाश्येक असले शब्द सोडवचे नसतत. उद्या सांगतंय.”

लोकांना ते पटलं. हरिश्चंद्र मात्र घरी पोचेपर्यंत आतून करपला. बाबुशाने हा शब्द बोटीवरून आणला असणार. आणला तर आणला, पण दोन वर्षं दडवून नेमका काजूच्या दिवसांत बाहेर काढला, हा निव्वळ आपला पाणउतारा, अशी त्याची खात्री झाली. दुपारी त्याने सावंतवाडीला कॉमर्स शिकणाऱ्या पुतणीला, सलोनीला, फोन लावला आणि हवापाण्याच्या गप्पा मारता मारता, एका मित्राला हवाय म्हणून, शब्दाचा अर्थ विचारला.

सलोनीने हसत हसत सांगितलं, की ज्याला दर वाढणार असं वाटतं तो बुलिश. बैल शिंगं खालून वर उडवतो, त्यावरून. ज्याला दर पडणार असं वाटतं तो बेअरिश. अस्वल पंजा वरून खाली मारतं म्हणून. “आपण तेजीवालो, मंदीवालो म्हणतो ना काका, तेच. पण ध्यानात ठेव, ह्यां नुसतां वाटणां. खात्री नाय.”

“तेजी म्हटल्यान असतां तर सगळ्यांका कळलां असतां,” हरिश्चंद्र म्हणाला. “म्हणानच म्हणूक नाय तेणां.” आणि त्याने दोन्ही शब्द कॅलेंडरच्या कोपऱ्यात, गॅस आणल्याच्या तारखेखाली लिहून ठेवले. सलोनीने शेवटी जे ध्यानात ठेवायला सांगितलं होतं, ते लिहायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबलीच्या हॉटेलात बसायला जागा नव्हती. हरिश्चंद्राने शब्द सोडवला, आणि झकास सोडवला. बैल आणला, त्याची शिंगं आणली, डोकं खाली घालून वर उसळी कशी घेतो ते बाकावरून उठून करून दाखवलं. लोक भारावून ऐकत राहिले. त्याचं बोलणं संपल्यावर दाजीने मान डोलावली.

“म्हणजे दर वाढतलो. बाबुश बरोबर सांगता.”

“बरोबरच सांगता,” बाबली म्हणाला. “आता नीट समाजलां.”

हरिश्चंद्र उभ्याचा बसला. एवढी मेहनत करून त्याने बैल उभा केला आणि त्यावर बाबुश बसून निघाला. मत्सराने माणसाला काय सुचेल याचा नेम नसतो. त्याला अस्वल सुचलं.

“तां झालां बाबुशाचां,” तो म्हणाला. “मी बेअरिश आसंय.”

आणि त्याने अस्वलाचा पंजाही करून दाखवला. दर पडणार, एप्रिलात शंभराच्या खाली जाणार, असं त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ठाम शब्दांत सांगितलं. बावीस वर्षांत न बोललेलं वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि त्याच्या पाठोपाठ दाजीचा साधा प्रश्न आला, की मग तू तुझे काजू विकणार का. खरं तर इथे ‘बघतंय’ म्हणून सुटता आलं असतं. पण सगळं हॉटेल तोंडाकडे बघत होतं.

“इकलंय,” हरिश्चंद्र म्हणाला. “बाराय गोणी. काल सांजेक सावंतवाडीक पोचवलंय.”

आईबापांनी नाव हरिश्चंद्र ठेवलेलं. गावाने त्या नावावर आणि गाऱ्हाण्यावर भरवसा ठेवून मान डोलावली. फक्त त्या बारा गोण्या त्या वेळी त्याच्या पडवीत, दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा रचून ठेवलेल्या होत्या. चहा अर्धा टाकून तो तरातरा घरी गेला आणि गोण्या माळ्यावर चढवायला लागला. शिडीवर तो, खाली बायको नर्मदा. पाचव्या गोणीला तिने हात सोडले.

“माका एक सांगा,” ती म्हणाली. “तुमका दर वाढूक होयो, काय पडूक होयो?”

“वाढूक होयो.”

“मगे गावभर पडतलो म्हणान कित्याक सांगतास?”

“वाढतलो असां बाबुशान सांगल्यान ना गो.”

नर्मदेने कपाळाला हात लावला आणि सहावी गोणी उचलली. तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळलं होतं की नवऱ्याच्या डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढण्यापेक्षा गोण्या वर चढवणं सोपं.

पुढच्या शनिवारी दाजीने आपल्या चार गोण्या एकशे अठराने विकल्या. “हरीचो शब्द,” एवढंच तो टेम्पोवाल्याला म्हणाला. ते ऐकून हरिश्चंद्र दोन पावलं पुढे झाला, पण दाजीला बाजूला घेऊन खरं सांगायचं तर बाबुश बरोबर असेल असंही सांगावं लागलं असतं. तेवढं त्याच्याने होईना. बाकीच्या गावाने मात्र काजू धरून ठेवले. शब्द दोन होते आणि गावाला बैल जास्त ओळखीचा होता.

एप्रिलात दर एकशे पंचवीस झाला. मग एकशे बत्तीस. महिनाअखेर एकशे पंचेचाळीस. दर वाढला की हरिश्चंद्राला माळ्यावरच्या गोण्या आठवून सुखाची एक लहर येई, आणि ती छातीपर्यंत पोचायच्या आत बाबुश बरोबर ठरला हे आठवून तिचं वाटोळं होई. लोकांना वाटे, बिचाऱ्याचे बारा गोणी काजू कवडीमोलाने गेले. वाडीतली सुशीला कुळथाची पिठी घेऊन सांत्वनाला आली. पडेल चेहरा करायला त्याला नाटक करावं लागत नव्हतं, कारण तो खरोखरच दुःखी होता. फक्त दुःखाचं कारण लोकांनी चुकीचं धरलं होतं.

त्यात तो शब्द गावभर झाला. बाबलीने वड्यामागे दोन रुपये वाढवले आणि कुणी विचारलं तर आपण वड्याबद्दल बुलिश असल्याचं सांगू लागला. सुशीला गावठी अंड्यांबद्दल बुलिश झाली. देवळातला गुरव लिंबांबद्दल बुलिश झाला. शाळेतल्या पोरांना परीक्षेबद्दल बुलिश आहात का असं मास्तर विचारू लागले. आणि जो तो वर म्हणायचा, बाबुशाचा शब्द. अरे, शब्द त्याचा असेल, पण अर्थ कुणी सांगितला? बैल कुणी झाला होता बाकावर उभा राहून? हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. बाबुश हॉटेलात आला की आता त्याला भिंतीकडची, पंख्याखालची जागा मोकळी करून देत. तो बिचारा ‘नको नको’ म्हणत बसायचा, आणि त्याचं ते नको नको म्हणणं हरिश्चंद्राला सगळ्यात जास्त लागायचं. मान मिळाला तर मिळाला, वर नम्रपणा कशाला?

मे उजाडला आणि दर एकशे पन्नासच्या वर गेला. आता हरिश्चंद्राच्या लक्षात आलं, की आपण सापडलो आहोत. न विकलेले काजू विकायचे तर टेम्पो दारात आणावा लागणार, आणि टेम्पोला यायला रस्ता एकच, बाबलीच्या हॉटेलावरून. बिया उन्हात टाकायच्या तर खळं रस्त्यालगत. पावसाच्या आत माल गेला नाही, तर दमट हवेने बी खराब होणार आणि मग व्यापारी शंभरालाही विचारणार नाही. रोज तो शिडीने वर जाई, गोणीत हात घालून मूठभर बिया काढी, कानाशी वाजवून बघी आणि कपाळाला आठ्या घालून खाली येई.

“सांगान टाका लोकांका,” नर्मदा म्हणे.

“काय सांगू? बाबुश खरो आणि मी खोटो?”

“तां तर आसाच,” नर्मदा म्हणे आणि कामाला लागे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात दक्षिणेकडून ढग यायला लागले आणि व्यापारीही हात आखडता घ्यायला लागला. गावकऱ्यांनी ठरवलं, की पाऊस पडायच्या आत सगळ्यांचे काजू एकशे साठच्या दराने जावेत म्हणून देवाला नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं कुणी घालायचं हा प्रश्नच नव्हता. दाजी स्वतः हरिश्चंद्राला सांगायला आला.

हरिश्चंद्र दुहेरी अडकला. एक तर बाबुशाचं भाकीत खरं व्हावं म्हणून आपल्या तोंडाने देवाला विनवायचं. ते एक वेळ डोळे मिटून केलं असतं. पण खरी अडचण पुढेच होती. गावाचा देव शब्दाचा पक्का होता. मागितलेलं द्यायचा, न मागितलेलं देत नसे. दहा वर्षांपूर्वी हरिश्चंद्राने पाऊस मागितला आणि ‘शेताला हवा तेवढा’ म्हणायचं विसरला, तर त्या साली ओढ्यावरचा साकव वाहून गेला होता. तेव्हापासून तो गाऱ्हाण्यात कसलाही तपशील सोडत नसे. आता ‘ज्यांनी काजू ठेवले आहेत त्यांना दर मिळू दे’ असं म्हणायचं, तर गावाच्या लेखी आणि म्हणून देवाच्याही लेखी त्याने काजू ठेवलेच नव्हते. सगळ्या गावाला एकशे साठ मिळणार आणि आपल्या बारा गोण्या तेवढ्या माळ्यावर कुजणार, हे त्याला लख्ख दिसू लागलं.

ठरलेल्या सकाळी सगळा गाव देवळात जमला. बाबुशही आला. घर ख्रिस्ती असलं, तरी बापजाद्यांपासून त्याच्या घराचा नारळ वर्षातून एकदा ग्रामदेवतेपुढे येत असे, तसा तो आणून त्याने पायरीवर ठेवला आणि डोकीवरची टोपी काढून बाजूला उभा राहिला. हरिश्चंद्राने उपरणं सावरलं, हात जोडले आणि सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” मागून आवाज उठला.

“आज ही तुझी सगळी लेकरां तुझ्या पायाकडे एकठय झाली आसत. वाडवडलांनी घालून दिल्ली रीत जशी येता तशी चलवतत. काय उणां पडलां आसात, तां पदरात घे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

“ह्या बाबुशान तुझ्याकडे नारळ ठेवल्यान आसा.” इथे हरिश्चंद्र अडखळला. पण रीत ती रीत. ज्याचा नारळ त्याच्यासाठी मागणं आलंच. “तेचो... तेचो शब्द खरो कर रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.” ह्या वेळी आवाज असा चढला, की कळसावरची कबुतरं उडाली. इतक्या जोराचा होकार हरिश्चंद्राला बावीस वर्षांत मिळाला नव्हता. त्याच्या कानशिलांतून वाफ निघायची तेवढी बाकी राहिली.

“ज्यांनी ज्यांनी आपले काजू घरात ठेवले आसत, तेंका पावसाच्या आधी एकशे साठचो दर गावांदे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा.”

आता नारळ फोडायचा आणि प्रसाद वाटायचा. गुरवाने कोयता उचललाही. हरिश्चंद्राने मिटलेले डोळे उघडले नाहीत. इथे थांबावं, असं त्याला वाटलं. पण ओढ्यावरचा साकव आठवला, माळ्यावरचा दमट वास आठवला, आणि राहून गेलेला तपशील त्याच्या जिभेवरून आपोआप सुटला.

“आणि जेणां कोणी इकलंय म्हणान सांगल्यान, पण माळ्यार दडवन ठेवल्यान, तेच्या बारा गोणयेंकाय तोच दर गावांदे रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा,” सगळा गाव एका सुरात म्हणाला.

म्हणून झाल्यावर गावाच्या कानात शब्द शिरले. गुरवाचा कोयता वरच्या वर राहिला.

“बारा?” दाजी म्हणाला.

हरिश्चंद्राने डोळे उघडले, पण मागे वळून बघायचं त्याला धाडस होईना. बारा गोण्या कुणाच्या, हे सगळ्यांना पाठ होतं. दोन महिने त्या बारा गोण्यांसाठी लोक हळहळले होते. सुशीलेला तर आपली कुळथाची पिठी आठवली.

“हरी,” दाजी हळू आवाजात म्हणाला, “माझे चार गोणी तुझ्या शब्दार गेले. आणि तुझे माळ्यार?”

हरिश्चंद्राने देवाकडे बघितलं. देव नुकतंच त्याचं सगळं ऐकून बसला होता. शेवटी त्याने जे होतं ते सांगितलं, आणि देवळात उभा असल्यामुळे खरंच सांगितलं. “बाबुश खरो होवचो नाय म्हणान केलंय रे दाजी. तुझां वायट करूचां मनात नव्हतां. बाबुशाक सगळे इचारूक लागले, तां माका सोसलां नाय.”

लोकांच्या नजरा बाबुशाकडे गेल्या. तो टोपी हातात फिरवत अवघडून उभा होता. एवढा माणूस आपल्यावर जळतो हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं.

“माका कित्याक कोण जळात?” तो म्हणाला. “माझे काजू मार्चातच गेले.”

आता गुरवाने कोयता खाली ठेवला. काजू गेले म्हणजे काय, हे बाबुशाला तीन-तीनदा विचारण्यात आलं. त्याने सांगितलं ते असं, की आरोंद्याहून डोरथीचा भाऊ गाडी घेऊन आला होता, आणि गोण्यांमुळे घरात उंदीर होतात म्हणून डोरथीने सगळ्या गोण्या त्या गाडीत घालून दिल्या. एकशे सोळाने गेल्या. बाबुश तेव्हा बांगडे आणायला गेला होता.

“मगे तू बुलिश कसो?” बाबलीने विचारलं. वड्याचा दर वाढवून बसल्यामुळे त्याला ह्याचं उत्तर तातडीने हवं होतं.

“बुलिश म्हणजे दर वाढतलो असां वाटणारो,” बाबुश म्हणाला. “माका वाटता. डोरथीक वाटणा नाय. आमच्या घरात काजू डोरथीचे, वाटणां तेवडां माझां.”

पहिल्यांदा दाजी हसला. मग बाबली, मग सुशीला, आणि मग सगळं देऊळ हसायला लागलं. म्हणजे ज्याने दर वाढणार म्हणून सांगितलं त्याच्याकडे एक बी नव्हती, आणि ज्याने पडणार म्हणून सांगितलं तो बारा गोण्या छातीशी धरून बसला होता. खरा बुलिश कोण, ह्याबद्दल गावाचं एकमत व्हायला वेळ लागला नाही. बाबुशाने पुढे होऊन हरिश्चंद्राचा हात हातात घेतला आणि मनापासून दाबला. हरिश्चंद्राने तो हात झटकला नाही, पण ह्या माणसाला एकशे सोळाने विकूनही त्याचं काही वाईट वाटत नाही, हे बघून त्याला त्याचा आणखीच हेवा वाटला.

दाजी मात्र हसून झाल्यावर हरिश्चंद्रासमोर येऊन उभा राहिला. लोकांना वाटलं, आता दोघा चुलतभावांत वितुष्ट येणार. दाजी थोडा विचार करून म्हणाला, “हरी, माका दुसरां काय नको. पुढच्या वर्षापासून माझे चार गोणीय तुझ्या माळ्यार ऱ्हवतले. तू तुझे खाली काढशीत, तेवाच माझेय काढूचे. तू काय बोलतंस तां माका सांगूची गरज नाय.”

ही शिक्षा लोकांना इतकी योग्य वाटली, की कुणी सांगण्याआधीच सगळ्यांच्या तोंडून ‘होय म्हाराजा’ निघालं.

त्या शनिवारी टेम्पो आला. दर एकशे अठ्ठावन्नपर्यंत चढला होता. वरच्या दोन रुपयांबद्दल देवाला कुणी दोष दिला नाही. गावाचे काजू गेले, हरिश्चंद्राच्या बाराही गोण्या भर दिवसा पुढच्या दाराने गेल्या आणि चौथ्या दिवशी पाऊस लागला. इतका चांगला दर हरिश्चंद्राला जन्मात मिळाला नव्हता. नर्मदेला वाटलं, आता तरी ह्या माणसाचं तोंड सरळ होईल.

पण झालं भलतंच. गाऱ्हाण्याचा मान त्याच्याकडेच राहिला, तिथे कुणी बोट लावलं नाही. हॉटेलात त्याला पहिल्यासारखा चहा मिळू लागला, बाबुशाशेजारी पंख्याखाली जागाही मिळाली. फक्त दराबद्दल त्याला कुणी काही विचारीना. बाबुशाला विचारत, बाबुश काय वाटतं ते सांगे, लोक मान डोलावत, आणि मग संध्याकाळी काही ना काही निमित्त काढून हरिश्चंद्राच्या घरी येत. कुणाला सुई हवी असे, कुणाला पंचांग बघायचं असे. पडवीत उभं राहून बोलता बोलता त्यांची नजर हळूच माळ्याकडे जाई. वर काय ठेवलंय आणि किती ठेवलंय ते बघून माणसं समाधानाने परत जात.

बावीस वर्षं ज्या गावाने आपल्या तोंडाकडे बघितलं, ते आता आपल्या डोक्यावरून माळ्याकडे बघतं, हे हरिश्चंद्राच्या जिव्हारी लागलं. बाबुशाचा हेवा करून तो थकला होता. आता त्याला आपल्याच माळ्याचा हेवा वाटू लागला. एक-दोनदा त्याने रिकाम्या गोण्यांत गवत भरून वर ठेवायचा विचार केला, पण नर्मदेने शिडीच उचलून गोठ्यात नेऊन ठेवली.

श्रावणात चतुर्थीच्या नारळांची बोलणी सुरू झाली. नारळ आत्ताच द्यावेत की गणपती जवळ येईपर्यंत थांबावं, हा घरोघरचा प्रश्न. त्या दुपारी सुशीला विरजण मागायला आली. हरिश्चंद्र पडवीत चष्मा लावून, घसा साफ करून तयार बसलेला. सुशीलेने नर्मदेकडून वाटीत विरजण घेतलं, माळ्याकडे मान वर करून ओठांतल्या ओठांत वरचे नारळ मोजले आणि त्याच्यासमोरून, त्याच्याकडे न बघता, पायरी उतरली.

हरिश्चंद्राला राहवलं नाही.

“सुशीले,” त्याने मागून हाक मारली, “नारळाबद्दल मी बुलिश आसंय हां.”

सुशीला थांबली. वाटीवर हात ठेवून तिने पुन्हा एकदा माळ्याकडे बघितलं.

“होय?” ती म्हणाली. “मगे वर आठच कशे?”